अप्रेझलचा फॉर्म मंजुरीत अडकतो तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

अप्रेझलची मुदत जवळ आली की एचआर सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "मी सबमिट केलंय, पण फॉर्म पुढे जातच नाही." तक्रार एक असली तरी तिच्यामागे वेगवेगळे बिघाड असतात. दरवर्षी हेच फॉर्म सोडवत बसणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून मी तपासते तो क्रम इथे लिहून ठेवते. कमी वेळ आणि कमी धोका असलेल्या गोष्टी आधी, किचकट गोष्टी शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

तक्रार करणाऱ्याला पडद्याचा फोटो मागा आणि खालीलपैकी काय जुळतं ते बघा.

- कर्मचाऱ्याच्या पडद्यावर "मंजुरी प्रलंबित" दिसतं, पण मॅनेजरच्या यादीत काहीच आलेलं नाही.
- मॅनेजरला फॉर्म दिसतो, उघडतोही, पण मंजुरीचं बटण नाही किंवा फिकट दिसतं, दाबलं जात नाही.
- फॉर्म जुन्या मॅनेजरकडे गेलाय, किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर पडून आहे.
- मधला टप्पा गाळून फॉर्म थेट विभागप्रमुखाकडे पोचलाय, किंवा कोणी मंजूर न करताच "पूर्ण" झालाय.
- दुरुस्तीसाठी परत पाठवलेला फॉर्म दोघांमध्येच फिरत राहतो.
- काल दुरुस्त केलं, आज सकाळी पुन्हा तेच.

यानंतर एकच प्रश्न विचारा, तो निम्मं काम करतो: असं किती जणांचं झालंय, आणि त्यांच्यात समान काय आहे? एकाच कर्मचाऱ्याचा फॉर्म अडकला असेल तर दोष बहुधा त्याच्या नोंदीत असतो. एकाच मॅनेजरच्या सगळ्या टीमचे अडकले असतील तर त्या मॅनेजरचं खातं किंवा त्याने दुसऱ्याला दिलेले अधिकार बघा. एका विभागाचे किंवा एका ग्रेडचे असतील तर मंजुरीच्या नियमातली अट चुकली असण्याची शक्यता मोठी. सगळ्या कंपनीचेच थांबले असतील तर सायकलच्या (म्हणजे त्या वर्षीच्या अप्रेझलच्या फेरीच्या) तारखा किंवा पडद्यामागे चालणारी आपोआपची कामं बघा. हे न विचारता सेटिंगमध्ये हात घातला तर एकाचा प्रश्न सुटतो आणि इतर शंभर जणांचा मार्ग बदलतो.

तपास संपेपर्यंत दोन गोष्टी करू नका

पहिली: ॲडमिनच्या अधिकारात मॅनेजरच्या वतीने "मंजूर" दाबू नका. मुदत डोक्यावर असते, वरून फोन येत असतात, आणि बटण समोर असतं. पण त्या क्लिकने नोंद अशी होते की हे मूल्यमापन कोणीतरी वाचून मान्य केलं. प्रत्यक्षात ते कोणी वाचलेलंच नसतं. एखाद्याच्या वर्षभराच्या कामावरचा शेरा आहे तो, आणि पुढे बढती किंवा पगारवाढीचा वाद झाला तर हीच नोंद समोर ठेवली जाते.

दुसरी: फॉर्म रद्द करून नवा सुरू करू नका. बऱ्याच प्रणालींमध्ये रद्द केल्यावर आधी लिहिलेले अभिप्राय नव्या फॉर्ममध्ये येत नाहीत. कर्मचाऱ्याने संध्याकाळी बसून लिहिलेलं सेल्फ अप्रेझल पुन्हा लिहायला सांगणं हा शेवटचा उपाय असावा.

आणि एक गोष्ट लगेच करा. ज्याचा फॉर्म अडकलाय त्याला दोन ओळी कळवा: तुमचं लिहिलेलं सुरक्षित आहे, अडचण प्रणालीची आहे, आम्ही बघतोय. नुसतं "प्रलंबित" वाचून माणूस आपल्याबद्दल काहीतरी बिनसलंय असं समजून बसतो.

तपासणी १: फॉर्म खरंच अडकलाय का?

पैशाचा खर्च नाही, पाच मिनिटं लागतात, आणि बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

मॅनेजर "मला काही आलंच नाही" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा ईमेलबद्दल बोलत असतो. ईमेल ही फक्त सूचना आहे. खरं काम प्रणालीतल्या त्याच्या कामांच्या यादीत असतं. ईमेल स्पॅममध्ये गेला, दिवसाच्या एकत्रित सारांशात दडला किंवा मुळात सूचनाच बंद असली, तरी यादीत फॉर्म असतोच. त्याला थेट लॉगिन करून यादी उघडायला सांगा, आणि वरचा फिल्टर चालू वर्षाच्या सायकलवर आहे ना तेही बघायला सांगा. मागच्या वर्षाच्या सायकलवर अडकलेला फिल्टर रिकामी यादी दाखवतो.

मग कर्मचाऱ्याची बाजू. "जतन करा" आणि "सबमिट करा" ही दोन वेगळी बटणं आहेत. मसुदा जतन करून आपण पाठवलं असं समजणारे दर सायकलला भेटतात.

बटण फिकट दिसत असेल तर आधी फॉर्म पूर्ण भरलाय का ते बघा. उद्दिष्टांच्या भारांची (कोणत्या उद्दिष्टाला किती टक्के महत्त्व, त्या आकड्यांची) बेरीज १०० होत नाही, एका उद्दिष्टाचं रेटिंग राहिलंय, किंवा अभिप्रायाची किमान अक्षरसंख्या भरलेली नाही. चांगली प्रणाली लाल अक्षरांत हे सांगते. बाकीच्या फक्त बटण बंद ठेवतात, आणि चूक तिसऱ्या टॅबमध्ये असते.

तपासणी २: तारखा

सायकलला एक सुरुवात-शेवट असतो आणि आत प्रत्येक टप्प्याची वेगळी मुदत असते. सायकल चालू दिसते म्हणून मॅनेजरचा टप्पाही चालू आहे असं धरू नका. काही ठिकाणी मुदत उलटली की नुसता लाल रंग येतो, काही ठिकाणी टप्पा कुलूपबंद होतो. तुमच्याकडे यातलं काय होतं हे सेटिंगमध्ये एकदा बघून लिहून ठेवा.

वेगवेगळ्या देशांत माणसं असतील तर मुदतीची मध्यरात्र कोणत्या वेळेची, हेही बघा. सर्व्हरच्या घड्याळानुसार मुदत संपते आणि कर्मचाऱ्याच्या घड्याळात अजून दुपार असते.

तपासणी ३: मंजुरी देणाऱ्याचं खातं आणि अधिकार

खातं सक्रिय आहे का, परवाना संपलाय का, हे आधी. दीर्घ रजेवर गेलेल्यांची खाती काही कंपन्यांत आपोआप बंद होतात, आणि त्यांच्या नावावरचे फॉर्म तिथेच राहतात.

त्यानंतरची गोष्ट मात्र जरा सावकाश समजून घ्यावी लागते. मंजुरीचा मार्ग फॉर्म कोणाकडे जाणार ते ठरवतो. त्या माणसाला फॉर्म उघडायचा आणि त्यावर निर्णय द्यायचा हक्क आहे की नाही, हे मात्र त्याच्या भूमिकेचे अधिकार ठरवतात. बऱ्याच प्रणालींत या दोन गोष्टी वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात आणि वेगळी माणसं त्या सांभाळतात. म्हणून "फॉर्म दिसतो पण बटण नाही" हे लक्षण जवळजवळ नेहमी इथे सुटतं.

नेहमीची जागा म्हणजे दुसऱ्या पातळीचा मॅनेजर. मॅनेजरच्या भूमिकेला "थेट आपल्या हाताखालच्या माणसांचे फॉर्म" एवढाच हक्क दिलेला असतो. पहिल्या पातळीला सगळं सुरळीत चालतं. फॉर्म मॅनेजरच्या मॅनेजरकडे गेला की तो कर्मचारी त्याच्या थेट हाताखालचा नसतो, आणि बटण गायब होतं. अधिकार वाढवताना मात्र हात आखडता ठेवा. एक पातळी खालपर्यंत हवा असेल तर तेवढाच द्या. "सगळे कर्मचारी" असा पर्याय निवडला की प्रश्न लगेच सुटतो, आणि दुसऱ्याच विभागातल्या माणसाचं रेटिंग नको त्याला दिसू लागतं.

तपासणी ४: रिपोर्टिंग मॅनेजरची नोंद

माझं ठाम मत असं की मंजुरीच्या मार्गात दोष फार कमी वेळा असतो. तो मार्ग ज्या माहितीवर चालतो त्या कर्मचारी नोंदीत दोष असतो. मार्ग म्हणतो "रिपोर्टिंग मॅनेजरकडे पाठव", आणि नोंदीत जे नाव असेल तिकडे तो इमानदारीने पाठवतो. म्हणून इथे वेळ द्या.

मॅनेजरचं खणच रिकामं आहे का ते बघा. नंतर तिथे कोणती तारीख लागू आहे ते बघा. बदली १ तारखेपासून झाली, पण नोंद पुढच्या महिन्यापासून लागू अशी टाकली, तर आज प्रणालीच्या लेखी जुनाच मॅनेजर खरा.

मॅनेजरची खणं दोन आहेत का? रोजचं काम देणारा एक आणि प्रशासकीय प्रमुख दुसरा, अशी रचना असेल तर कंपनीचा तक्ता (कोण कोणाच्या हाताखाली ते दाखवणारा) एक खण वाचून दाखवतो आणि मंजुरीचा मार्ग दुसरं वाचतो. "तक्त्यात तर बरोबर दिसतंय" हे वाक्य ऐकलं की मी हेच शोधते.

पद रिकामं असेल तर काय? काही प्रणालींत माणूस पदाला जोडलेला असतो आणि पद वरच्या पदाला. वरचं पद रिक्त झालं की फॉर्म रिकाम्या खुर्चीकडे जातो. तिथे थांबायचं की एक पातळी वर जायचं, हे एका सेटिंगवर ठरतं. मधला टप्पा आपोआप गाळला जाण्याचं कारणही अनेकदा हेच सेटिंग असतं.

तक्त्याच्या वरच्या टोकाला तर गडबड हमखास ठरलेली. सर्वोच्च पदावरच्या व्यक्तीला मॅनेजर नसतो. तिच्या थेट हाताखालच्यांना पहिली मंजुरी मिळते, दुसऱ्या पातळीला कोणीच नसतं. तसंच एचआर प्रमुखाचं. शेवटचा टप्पा "एचआर प्रमुखाची मंजुरी" असेल तर तिचा स्वतःचा फॉर्म तिच्याचकडे येतो. यांच्यासाठी वेगळा मार्ग आखावाच लागतो, त्याला दुसरा इलाज नाही.

शेवटी वर्तुळ. पुनर्रचनेत घाईने नोंदी बदलल्या की "अ"चा मॅनेजर "ब" आणि "ब"चा मॅनेजर "अ" असं होऊन बसतं. काही प्रणाली अशी नोंद घेतच नाहीत, काही मुकाट्याने घेतात.

नोंद दुरुस्त केली, तरी फॉर्म हलत नाही

इथे बहुतेक लोक हताश होतात, म्हणून कारण नीट सांगते. फॉर्म सुरू होतो त्या क्षणी त्याचा मार्ग अनेक प्रणालींत त्या फॉर्मवर छापला जातो. नंतर नियम बदलला तर तो नव्या फॉर्मना लागू होतो, वाटेत असलेल्यांना नाही. सॅप सक्सेसफॅक्टर्स या एचआर सॉफ्टवेअरमध्ये या मार्गाला रूट मॅप म्हणतात आणि त्यातला बदल आधी सुरू झालेल्या फॉर्मवर आपोआप चढत नाही. वर्कडे या दुसऱ्या एचआर सॉफ्टवेअरमध्ये मार्गाच्या जागी बिझनेस प्रोसेस असते, तिथेही चालू असलेली प्रक्रिया सुरू झाली तेव्हाच्या आखणीनेच पुढे जाते. मॅनेजर बदलल्यावर चालू फॉर्मही नव्या मॅनेजरकडे वळवायचे का, याचं वेगळं सेटिंग बऱ्याच ठिकाणी असतं, ते तपासा.

म्हणजे काम दोन आहेत: मुळातली नोंद दुरुस्त करणं, आणि अडकलेला फॉर्म हाताने योग्य माणसाकडे वळवणं. वळवताना कारण लिहायची जागा असेल तर लिहाच. "रिपोर्टिंग मॅनेजर बदलल्यामुळे वळवला" एवढं पुरे. वळवण्याआधी मात्र जुन्या मॅनेजरने काही लिहून ठेवलंय का ते बघा. वर्षातले बरेच महिने काम त्याच्याच हाताखाली झालं असेल तर त्याचा अभिप्राय हरवता कामा नये.

तपासणी ५: दुसऱ्याला दिलेले अधिकार

रजेवर जाताना मॅनेजर आपली मंजुरी सहकाऱ्याकडे सोपवतो. परत आल्यावर ते बंद करायचं राहतं आणि फॉर्म सहकाऱ्याकडेच जात राहतात. शेवटची तारीख न टाकलेली अशी सोपवणूक शोधा. ज्याच्याकडे सोपवलंय तोही रजेवर आहे का, त्यानेही पुढे सोपवलंय का, हेही बघा.

रजेच्या अर्जांची मंजुरी सोपवणं ठीक आहे, मूल्यमापनाची सोपवणूक मी शक्यतो बंदच ठेवते. सहकाऱ्याने दुसऱ्याच्या टीमची रेटिंग वाचणं कोणालाच आवडत नाही, आणि ज्याने काम पाहिलेलं नाही त्याने त्यावर निर्णय देऊ नये.

तपासणी ६: नियमातल्या अटी

आता आपण मार्गाच्या आत शिरतोय. चाचणीसाठी वेगळी प्रत असेल तर हे तिथेच करून बघा.

"रेटिंग ४ पेक्षा जास्त असेल तर विभागप्रमुखाकडे, ४ पेक्षा कमी असेल तर थेट एचआरकडे." वाचताना बरोबर वाटतं. बरोबर ४ मिळालेला फॉर्म कुठेच जात नाही. अशा सीमेवरच्या आकड्यांची भोकं शोधा.

शब्दांची जुळणी हा दुसरा सापळा. ग्रेडचं किंवा विभागाचं नाव बदललं, अटीत जुनंच राहिलं. किंवा नावाच्या शेवटी एक मोकळी जागा पडली, डोळ्याला दिसत नाही पण प्रणालीच्या लेखी ते वेगळं नाव. जिथे सोय असेल तिथे नावाऐवजी कोडवर अट लावा.

नियमांचा क्रमही बघा. पहिला जुळलेला नियम लागू होतो अशी पद्धत असेल तर वर बसलेला ढोबळ नियम खालच्या नेमक्या नियमापर्यंत पोचूच देत नाही. आणि सगळ्यात शेवटी "कोणतीच अट जुळली नाही तर" असा एक मार्ग ठेवाच. तो एचआर ॲडमिनकडे गेला तरी चालेल, निदान फॉर्म कोणाच्या तरी समोर येतो.

दोघांना एकाच वेळी मंजुरी मागितली असेल तर "दोघांचीही हवी" की "कोणा एकाची पुरे" हे तपासा. फॉर्म दोघांत फिरत राहण्याचं मूळ परतीच्या वाटेत असतं. परत पाठवलं की एक पायरी मागे जायचं की थेट कर्मचाऱ्याकडे, हे ठरवलेलं नसेल तर दुरुस्ती करू शकणाऱ्यापर्यंत फॉर्म पोचतच नाही.

जाता जाता सांगते, मंजुरीच्या दोन पातळ्या पुष्कळ झाल्या. चौथ्या पातळीवरच्या साहेबांनी त्या माणसाचं काम पाहिलेलं नसतं, आणि प्रत्येक वाढीव पातळी ही अडकायची एक नवी जागा असते.

तपासणी ७: रात्रीचं सिंक

"काल दुरुस्त केलं, आज पुन्हा तेच" या लक्षणाचं उत्तर इथे. कर्मचाऱ्यांची माहिती दुसऱ्या प्रणालीतून रोज रात्री येत असेल तर तुम्ही हाताने केलेली दुरुस्ती सकाळपर्यंत पुसली जाते. दुरुस्ती मूळ ठिकाणीच व्हायला हवी.

माहिती फाइलने येत असेल तर दोन गोष्टी हमखास बघा. कर्मचारी क्रमांक ००१२३४ असा असेल आणि कोणी फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली, तर पुढची शून्यं उडून १२३४ उरतो आणि मॅनेजरची जोडणी तुटते. दुसरं, काही प्रणाली फाइल ओळीओळीने वाचतात. नव्या मॅनेजरची ओळ त्याच्या टीमच्या खाली असेल तर टीम वाचताना तो मॅनेजर अजून अस्तित्वातच नसतो आणि खण रिकामं राहतं. आयातीचा त्रुटी अहवाल उघडून बघा, त्यात हे लिहिलेलं असतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

अंतिम रेटिंग पगारवाढीच्या किंवा वेतनाच्या प्रणालीकडे गेलं असेल तर फॉर्म मागे घेऊ नका. इकडे बदललं तरी तिकडचा आकडा तसाच राहू शकतो. वेतन विभाग आणि प्रणालीचा सल्लागार दोघांना सोबत घ्या.

फॉर्म कोणाच्याच यादीत नाही, ऑडिट लॉगमध्ये (कोणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत) शेवटची नोंद अर्धवट आहे, आणि स्थिती "प्रक्रिया सुरू" अशीच दिवसभर आहे, तर पडद्यामागचं काम तुटलंय. ते सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत विभागालाच दिसतं. थेट डेटाबेसमध्ये स्थिती बदलायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. स्थिती बदलते, पण तिच्याशी बांधलेली कामं, सूचना आणि लॉग बदलत नाहीत.

एकाच वेळी शेकडो फॉर्म वळवायचे असतील तरी थांबा. असा बदल मागे घेणं फार अवघड असतं.

आणि एखाद्याला जे दिसायला नको होतं ते दिसलं असेल, तर तो आता तांत्रिक प्रश्न उरला नाही. पुढे दिसणं तेवढं ताबडतोब बंद करा, लॉगला हात लावू नका, काय दिसलं आणि कोणाला ते लिहून घ्या आणि माहितीच्या गोपनीयतेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी कळवा.

मदत विभागाकडे तिकीट टाकताना हे सोबत द्या: फॉर्मचा क्रमांक, कर्मचाऱ्याचा प्रणालीतला क्रमांक, टेम्प्लेटचं आणि सायकलचं नाव, फॉर्म शेवटचा हलला ती तारीख आणि वेळ, तो कोणाकडे जायला हवा होता आणि कोणाकडे गेला, त्या काळातला ऑडिट लॉग, आणि वरच्या तपासण्यांपैकी कोणत्या केल्या व काय आढळलं. अभिप्राय आणि रेटिंगचा मजकूर फोटोतून झाकून टाका. मार्ग शोधायला त्यांना तो वाचायची गरज नसते.